मालविक्रीचा कायदा: आधी १९३०चा वाचावा की व्हिएन्नाचा?

फोर्टातल्या आमच्या ऑफिसात इंटर्नशिपला येणारी मुलं आयात-निर्यातीच्या कामात रस घेऊ लागली की हा प्रश्न विचारतातच. आपला १९३०चा मालविक्री अधिनियम पक्का करावा, की १९८०चं व्हिएन्ना कन्व्हेन्शन, म्हणजे देशादेशांमधल्या मालविक्रीच्या करारांसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा करार? भारताने कन्व्हेन्शन स्वीकारलेलं नाही, मग त्यात वेळ का घालवायचा, असं बहुतेकांना वाटतं. मला हे पटत नाही.

समजा, रत्नागिरीचा हापूस पल्प न्हावाशेवाहून हॅम्बुर्गला निघालाय आणि करारात ‘जर्मनीचा कायदा लागू’ एवढंच लिहिलंय. जर्मनीत कन्व्हेन्शन हा तिथल्या कायद्याचाच भाग आहे. दोन्ही पक्षांनी ते वगळलेलं नसेल, तर तेच लागू होतं. सही करणाऱ्या आपल्या निर्यातदाराला याचा पत्ताही नसतो. ‘इंग्लंडचा कायदा’ लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी, कारण ब्रिटन कन्व्हेन्शनमध्ये नाही. शिवाय आपला कायदा इंग्लंडच्या १८९३च्या कायद्यावर बेतलेला आहे, त्यामुळे १९३०चा कायदा नीट शिकलेल्याला लंडनचे निकाल परके वाटत नाहीत.

आता तिकडे डबे फुगलेले निघाले. आपल्या कायद्यात कलम १२ पाहायचं: शर्त (कराराच्या मुख्य हेतूला आवश्यक अट) मोडली की हमी (दुय्यम अट)? शर्त मोडली तर करार संपला असं धरता येतं, हमी मोडली तर फक्त भरपाई. कन्व्हेन्शनमध्ये ही विभागणीच नाही. तिथे कलम २५ विचारतं, भंग मूलभूत आहे का, म्हणजे करारातून जे मिळण्याची अपेक्षा होती तेच खरेदीदाराच्या हातून गेलं का. शिवाय खरेदीदाराने दोष वाजवी मुदतीत कळवला पाहिजे आणि माल प्रत्यक्ष हाती आल्यापासून दोन वर्षांच्या आत तर कळवलाच पाहिजे. नाहीतर हक्क गेला.

जोखमीचं, म्हणजे माल वाटेत बिघडला तर नुकसान कोणाचं, हे तर मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे कलम २६ प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते. कन्व्हेन्शन मालकीच्या प्रश्नात शिरतच नाही. माल वाहून न्यायचा असेल तर साधारणपणे तो पहिल्या वाहतूकदाराच्या ताब्यात गेला की जोखीम खरेदीदाराची. करारात एफओबी किंवा सीआयएफ (खर्च आणि जोखीम कुठे बदलते ते ठरवणाऱ्या व्यापारी अटी) असेल तर अर्थात ते आधी.

वाचायला किती लागतं? एकीकडे ६६ कलमं, दुसरीकडे १०१. पण अडचण कलमांच्या संख्येत नाही. आपल्याला वरच्या कोर्टाचा निकाल बंधनकारक मानायची सवय. कन्व्हेन्शनवर सगळ्या देशांना बांधणारं एकही कोर्ट नाही. जर्मन, स्विस, अमेरिकन निकाल शेजारी ठेवून वाचावे लागतात. ही सवय लागायला एखादं सत्र सहज जातं.

मुंबईत हायकोर्टात वकिली करायची असेल, तर आधी १९३०चा कायदा आणि त्याच्या जोडीला करार कायद्याचं भरपाईचं कलम ७३. लवाद किंवा निर्यात कंपनीचं काम करायचं असेल, तर १९३०च्या कायद्याबरोबर त्याच वर्षी कन्व्हेन्शनही सुरू करा. व्हिएन्नाच्या व्हिस मूटसाठी (कायद्याच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय लवाद स्पर्धा) निवड झाली असेल तर विचार करायचं कारणच नाही, तिथला वाद बहुधा याच कलमांवर असतो.

ओळखीच्या एखाद्या निर्यातदाराकडून जुना करार मागून घ्या, त्यातलं कायद्याचं कलम शोधा, आणि माल बिघडला तर काय होईल ते दोन्ही कायद्यांखाली एकेका पानात लिहून काढा.