हापूसची पेटी: वाशीला लावावी की व्हॉट्सअ‍ॅपवर विकावी?

पन्नास-साठ कलमं असलेल्या बागायतदाराला दर मोसमात हा प्रश्न पडतो. आधी एक विचारतो, फवारणीसाठी दलालाकडून उचल घेतलीय का? घेतली असेल तर विषय मिटला, पेट्या तिकडेच जाणार. नसेल तर पुढे वाचा.

वाशीचा, म्हणजे नवी मुंबईतल्या घाऊक फळबाजाराचा, मोठा गुण म्हणजे तिथे सगळा माल खपतो. फळ लहान असो की मोठं, पेटी गाडीत चढली की तुम्ही मोकळे. मार्चमध्ये आवक कमी, तेव्हा भावही बरा मिळतो. पण तो कळतो पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, आल्यावर. मेमध्ये बाजार भरला की त्याच पेटीतून खोका-भाडं जेमतेम सुटतं. २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, अडत, म्हणजे दलालाचं कमिशनही, शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. निर्णय चांगलाच होता. तरी पट्टीतली प्रत्येक कपात वाचत चला.

व्हॉट्सअ‍ॅपवर भाव तुम्ही सांगता, पैसे बुकिंगलाच येतात. बदल्यात दुकानदारी गळ्यात पडते: वजनावर निवड, पेंढ्यात भरणं, ट्रॅव्हल्सला पार्सल गाठून देणं, वर रात्री अकराला ‘आंबा पिकला कसा नाही अजून?’ त्यात साका. बाहेरून फळ देखणं, कापलं की गरात पांढरट, पोकळ डाग. लगेच फोटो येतो. बदली फळं कुरकुर न करता द्या. हेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा नंबर टाकतं.

सरकारी कागदाचा खरा उपयोग या थेट विक्रीतच होतो. कर्नाटकचा आंबा ‘हापूस’ म्हणून खपवणारे ऑनलाइन काही कमी नाहीत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे मूळ ठिकाणाची सरकारी ओळख, मिळालं. त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा आणि प्रमाणपत्राचा फोटो प्रोफाइलवर लावा. अनोळखी गिऱ्हाइकाला तो दहा रील्सपेक्षा जास्त पटतो. पहिली गिऱ्हाइकं मिळवायला पणन मंडळाचा पुण्यातला आंबा महोत्सव बरा. आंबा चाखूनच लोक नंबर देतात.

माझं मत: मार्चचा माल वाशीला, एप्रिलच्या मध्यापासून निवडक फळ थेट, बारीक आणि डागी कॅनिंगला. घरात फोन घ्यायला आणि पेट्या भरायला माणूस नसेल, तर मात्र थेट विक्रीच्या नादाला लागू नका.