मागचे कॅलिपर ‘एक्स्चेंज’मध्ये घेताय? आधी हे वाचा

जुन्या गाडीचे मागचे ब्रेक कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरणारे भाग) बदलायचेत, बजेट बेताचं आहे आणि कुणीतरी सांगतंय की “तुमचे जुने द्या, मोठे रिकंडिशन केलेले घ्या, वर थोडेच पैसे पडतील”? मग पैसे पाठवण्याआधी पाच मिनिटं थांबा. नेमक्या याच बोलीवर मला गंडवलं गेलं. पैसे बुडाले ते बुडालेच, पण हाडामांसाने धड असलेले माझे स्वतःचे कॅलिपरही विकणाऱ्याच्या घशात गेले. त्याची खरी कमाई त्यातच होती, हे मला नंतर कळलं.

गाडी जुनी, चारही चाकांना डिस्क. हँडब्रेक वेगळ्या ड्रममध्ये नाही, मागच्या कॅलिपरच्या आतच. मागचं उजवं चाक हँडब्रेक सोडल्यावरही अडखळत फिरायचं आणि थोडी गाडी चालवली की रिम हाताला चटका देई. चाक उतरवलं तर आतला पॅड लोखंडापर्यंत घासलेला आणि बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन जाम झाल्या की असंच होतं. कॅलिपर सरकत नाही, त्यामुळे ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच मार खातो. आमचे गॅरेजवाले काका म्हणाले, “बॉडी चांगली आहे, पिस्टनला डाग नाही. सीलचं किट टाकू, पिना साफ करू, होऊन जाईल.” उघडतानाच त्यांनी डाव्या ब्रॅकेटवर (कॅलिपर धरणाऱ्या चौकटीवर) पंचने एक टिंब आणि उजव्यावर दोन टिंबं मारली. डावं-उजवं मिसळू नये म्हणून ते नेहमीच असं करतात. ही टिंबं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

उघडलंच आहे तर मागचे ब्रेक जरा तगडे करून घ्यावेत, असा विचार होता. कल्पना मुळात वाईट नाही. एकाच गाडीच्या दणकट इंजिनाच्या किंवा जड मॉडेलला कंपनी बऱ्याचदा मोठे कॅलिपर आणि हवा खेळती राहणारी जाड डिस्क देते. मोडीत निघालेल्या तशा गाडीचे पार्ट घेऊन आपल्या गाडीला बसवणं हा स्वस्तातला जुना आणि सरळ मार्ग आहे. फक्त तो पूर्ण चालायचा असतो. कॅलिपरबरोबर त्याचा ब्रॅकेट, त्याची डिस्क, त्याचे पॅड, कधी होज आणि हँडब्रेकची केबलसुद्धा लागते. शिवाय हे सगळं आपल्या रिमच्या आत मावलं पाहिजे.

जाहिरात बघून त्या विक्रेत्याशी बोलले. माणूस मिठ्ठास. “मॅडम, ३८चा पिस्टन आहे, तुमचा ३४चा. बसवा आणि बघा, गाडी जागच्या जागी उभी राहते. नवीन किट, नवीन रबरी बूट, प्रेशर टेस्ट करून देतो.” डिस्क कुठली लागेल, असं विचारलं. “तुमचीच चालते. बोल्ट काढा, बोल्ट लावा.” आणि मग, “जुने पाठवून द्या, तेवढे पैसे कमी करतो.” हिरव्या रबरी मॅटवर ठेवलेल्या लालभडक कॅलिपरचे फोटो आले. प्रत्येक फोटो समोरून काढलेला.

त्याच्या त्या तीन वाक्यांत किती खोट होती, ते काकांकडे बसून नीट समजून घेतलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

३४ मिमी पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ९.१ चौरस सेंमी भरतं, ३८ मिमीचं ११.३. म्हणजे ब्रेक लाइनमधला दाब तोच असताना पॅड सुमारे २५ टक्के जास्त जोराने डिस्क धरतो. ऐकायला झकास. पण तेवढंच जास्त ऑइलही पेडलमागच्या त्याच मास्टर सिलिंडरने ढकलावं लागतं, त्यामुळे पेडल आणखी खाली जातं. आणि जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकावर जास्त पकड आली की ते पुढच्या चाकांच्या आधी लॉक होतं (फिरायचं थांबून नुसतं घसरतं) आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग सरळ बाजूला निघतो. म्हणूनच मागच्या लाइनवर दाब आवरणारा व्हॉल्व्ह दिलेला असतो आणि पिस्टनचा आकार त्याच्याशी जुळवून ठरवलेला असतो. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या गाडीत ही गडबड सांभाळून घ्यायला दुसरं कुणी नसतं. राहिला प्रश्न गाडी “जागच्या जागी उभी” राहण्याचा. ज्या ब्रेकने चाक आधीच लॉक होऊ शकतं, तिथे थांबण्याचं अंतर शेवटी टायर ठरवतो, कॅलिपर नाही.

“तुमचीच डिस्क चालते” हे तर सरळसरळ धोक्याचं. समजा कॅलिपर २० मिमी डिस्कसाठी बनलेला आहे आणि तुमची डिस्क १२ मिमीची. एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरमध्ये मधलं ८ मिमीचं सगळं अंतर त्या एकाच पिस्टनने कापायचं. पॅड झिजत गेले की तो सिलिंडरच्या तोंडाशी येतो. तिथून ऑइल सुटलं तर पेडल थेट तळाला.

खऱ्या जाणकार विक्रेत्याने आधी मला चार प्रश्न विचारले असते: डिस्कची जाडी किती, रिम केवढी, एबीएस आहे का, हँडब्रेक कुठल्या प्रकारचा. याने फक्त पत्ता विचारला.

पार्सल आलं. वजनदार, चकचकीत, वर कुठल्याशा नामांकित कंपनीचा स्टिकर, तोही एका कोपऱ्यात फुगलेला. काकांनी हातात घेतला, उलटा केला आणि काही न बोलता ब्रेक ऑइलची बाटली घेतली. एक थेंब लाल रंगावर टाकून बाजूला ठेवला. थोड्या वेळाने रंगाला सुरकुत्या पडल्या. बोटाने ढकलला तर साय सरकावी तसा निघून आला. खाली गंजाचे खड्डे, तेही धड साफ न केलेले. ब्रेक ऑइल साधा रंग खातं. ज्या पार्टवर उद्या ऑइल सांडणारच आहे, त्याला असला रंग मारणाऱ्याचा हेतू फक्त फोटोपुरता असतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मग एकेक बाहेर येत गेलं. मागच्या बाजूला, जिथे कास्टिंग नंबर असतो, तिथे ग्राइंडर फिरवलेला. बूट काढून पिस्टनला मापाचा व्हर्नियर लावला तर काटा ३४वर टेकला. म्हणजे हा माझ्याच मॉडेलचा साधा कॅलिपर. मोठा वगैरे काही नाही. पिस्टनवरचं क्रोम खवले पडल्यासारखं उडालेलं, नेमकं सील घासतं त्या पट्ट्यात. सील बाहेर काढलं. ही रिंग चौकोनी छेदाची असते आणि नवीन असली की तिच्या कडा नखाला लागतात. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर किंचित पिळते, सोडला की परत येते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड डिस्कपासून सुटतो तो त्या केसभर माघारीमुळे. यातलं सील गोलसर, फुगलेलं आणि बुळबुळीत होतं. काकांनी वास घेऊन सांगितलं, साधं ग्रीस फासलंय. ब्रेकच्या रबराला खनिज तेलाचं ग्रीस चालत नाही, रबर फुगतं. तिथे रबरासाठीचं किंवा सिलिकॉनचंच ग्रीस लागतं. “नवीन किट” ते हे.

सगळ्यात संताप आला तो ब्रेकमधली हवा काढायचं ब्लीडर निपल उघडताना. पाना लावला, निपल सहज फिरलं आणि त्याच्याबरोबर पांढऱ्या टेपची लांबच लांब पट्टी उलगडत आली. कॅलिपरमधले आटे गेलेले होते. टेप गुंडाळून निपल नुसतं अडकवून ठेवलं होतं. ब्लीडर निपल आट्यांवर सील होत नाही, टोकाचा शंकू आतल्या सीटवर आवळून बसतो तेव्हा सील होतं. आटेच नसतील तर आवळणार कशाच्या जोरावर? हवा काढायला सैल केलं असतं आणि परत कसलं असतं, तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला ते उडून गेलं असतं. पार्ट विकून पैसे खाणं एक आणि अनोळखी माणसाच्या ब्रेकशी असा खेळ करणं वेगळंच. मी त्याला नुसता ठग म्हणत नाही ते यासाठी.

दुसऱ्या कॅलिपरचा हँडब्रेकचा लिव्हर जागचा हलेना. त्याची परतीची स्प्रिंग तर गायबच.

फोन केला. आधी गोडीत, “पाठवा ना परत, बघू.” फोटो पाठवल्यावर सूर बदलला. “बूट उघडला म्हणजे ग्यारंटी गेली.” बूट न उघडता आतलं कसं दिसणार, याला उत्तर नाही. मग, “तुमच्या मेकॅनिकने खराब केलं असेल.” मग, “मॅडम, यातलं तुम्हाला नाही कळायचं, त्यांना फोन द्या.” काकांना फोन दिला तर कट. माझे जुने कॅलिपर तरी परत दे म्हटलं, तर म्हणे ते भंगारात गेले. शेवटी ब्लॉक.

भंगारात गेले नव्हते. काही काळाने त्याच हिरव्या मॅटवर आणखी एक लाल जोडी विक्रीला दिसली, विक्रेत्याचं नाव वेगळं. ओळखीच्या एकाला गिऱ्हाईक म्हणून बोलायला लावलं आणि ब्रॅकेटचा जवळून फोटो मागवला. रंगाचा थर जाड होता, तरी खालची टिंबं लपली नव्हती. एकावर एक, दुसऱ्यावर दोन. धंद्याची साखळी तेव्हा लक्षात आली. गिऱ्हाइकाकडून चांगले कॅलिपर एक्स्चेंजमध्ये उचलायचे, त्याला रंगवलेला कचरा पाठवायचा आणि त्याचेच चांगले पुढच्याला ‘रिकंडिशन’ म्हणून विकायचे. पुढच्याला माल बरा मिळतो, तो चांगला अभिप्राय लिहितो आणि त्या अभिप्रायावर विसंबून तिसरा फसतो. मीही ते अभिप्राय वाचूनच गेले होते.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं हेच की जुना पार्ट आधी हातचा सोडू नका. नवीन आलेला तपासून, बसवून, हवा काढून, गाडी मोकळ्या जागेत हळू वेगाने चालवून बघेपर्यंत जुना घरातच राहू द्या. सचोटीने एक्स्चेंज करणारे अनामत घेतात आणि जुना मिळाल्यावर ती परत करतात. आधी जुना हवाच, असा हट्ट धरणाऱ्याला नमस्कार करा. फोटो मागायचे ते मागच्या बाजूचे, कास्टिंग नंबर दिसेल असे, आणि बूट उचलून पिस्टनला व्हर्नियर लावलेला एक. व्हिडिओत हँडब्रेकचा लिव्हर हाताने ओढून सोडायला सांगा. तो स्वतःहून मागे येऊन स्टॉपवर टेकला पाहिजे. रंगवलेल्यापेक्षा नुसता घासून साफ केलेला, ओबडधोबड दिसणारा कॅलिपर मला आता जास्त विश्वासाचा वाटतो. त्यात लपवण्यासारखं काही उरत नाही. पैसे थेट कुणाच्या खात्यात टाकण्याऐवजी, माल बघून मगच पुढे सुटतील अशा मार्गाने द्या. पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ ठेवा. माझी तक्रार थोडीफार पुढे सरकली ती पंचच्या टिंबांमुळे आणि त्या व्हिडिओमुळेच. जाहिरात उतरवली गेली, पैसे अजून आलेले नाहीत.

गाडीचं काय केलं ते सांगते. माझ्याच मॉडेलच्या मोडीत काढलेल्या गाडीचे, चाकाला लागलेले असतानाच पाहून घेतलेले साधे कॅलिपर आणले. खरं किट, नव्या स्लाइड पिना, ऑइलच्या पाइपच्या बँजो बोल्टला तांब्याचे नवे वायसर, चांगल्या प्रतीचे पॅड आणि सीलबंद बाटलीतलं डॉट ४ ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४चा उकळबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश. आमच्या गाडीतलं जुनं ऑइल चहासारखं काळपट निघालं. पिस्टन आत बसवताना काकांनी तो क्लँपने दाबला नाही, खाचांत टूल लावून फिरवत आत घेतला. हँडब्रेक आत असलेला पिस्टन नुसता दाबला तर आतली स्क्रू यंत्रणा मोडते. केबल आधी सैल सोडली, पेडल मारून पिस्टन जागेवर आणले आणि मगच केबल ताणली. पेडल आता वरच्या वर कडक लागतं, रिम गरम होत नाही, हँडब्रेक चढावर गाडी धरतो. मला तगडे ब्रेक हवे होते म्हणजे मुळात हेच हवं होतं.

तो माणूस अजून धंद्यात आहे. मॅट तीच हिरवी, नाव पुन्हा नवीन. सध्या तो पुढचे कॅलिपर विकतोय, रंग पिवळा.