नवी पेठेतलं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान: नवा फोन घ्यायच्या आधी एकदा इथं जाऊन या

दुकानाला नाव नाही. पाटीवर नुसतं 'मोबाईल रिपेअरिंग' लिहिलंय. सोलापुरात पार्क चौकाकडनं नवी पेठेत शिरलं की कपड्यांच्या दुकानांमधनं एक बोळ आत जातो, त्यातल्या अरुंद जिन्यानं पहिल्या मजल्यावर जायचं. चालवणाऱ्यांना सगळी पोरं अण्णा म्हणतात. हाताखाली एक मुलगा आहे, त्याच्याशी तेलुगूत बोलतात, गिऱ्हाइकाशी आपल्या सोलापुरी मराठीत.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. माग बंद पडला की हाक मला येते. घरी मंडळी विड्या वळते. पोरगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीच्या दिवशी कारखान्यात पॅकिंगला येतो. त्याचा फोन अकरावीत घेऊन दिलेला, साडेतेरा हजारांचा. यंदा गणपतीपासून त्याची बॅटरी दोन तासांत संपायला लागली आणि मागचं झाकण एका बाजूनं उचललं गेलं. पोरानं ठरवूनच टाकलं, फोन गेला, आता आयफोन 17 घ्यायचा. सप्टेंबरात आला तेव्हा त्याची किंमत 82,900 होती. माझा पगार 18,500.

मी त्याच्यावर ओरडलो नाही. कारण जुलैत पुतणीच्या हळदीला मी एक गोष्ट बघितली होती. सगळी पोरं जेवायला बसली, प्रत्येकानं आपला फोन ताटाशेजारी ठेवला, कॅमेऱ्याची बाजू वर करून. आमच्यानं खिशातनं काढलाच नाही. फोन वाजला तर उठून मांडवाबाहेर गेला. नंतर फोटो वाटायची वेळ आली. आयफोनवाल्या पोरांनी ते एअरड्रॉपनं आपसात घेतले. याच्या फोनवर तसं होत नाही, म्हणून हा "मला व्हॉट्सॲपला टाका रे" म्हणत मागं फिरत होता. कुणी वाईट बोललं नाही त्याला. पण त्याचं तोंड मी बघितलंय. त्याला फोन नको होता, त्या घोळक्यात जागा पाहिजे होती. ती आम्ही बाप म्हणून कुठनं आणून देणार, हे मला त्या रात्री सुचलं नाही, अजूनही नीट सुचलेलं नाही.

ऑक्टोबरात मंडळीचा भिशीचा नंबर लागला. पंधरा बायकांची हजाराची भिशी, पंधरा हजार हातात आले. पोरानं तेच डाउन पेमेंटला मागितले आणि ती हो म्हणून बसली. सूप मांडीवर घेऊन पान कापत होती, मान वर न करता म्हणाली, "घेऊ द्या त्याला. चार पोरांत कमीपणा नको."

म्हणून आधी एका मोठ्या, काचेच्या, एसी दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, कारण असं दुकान आता प्रत्येक चौकात आहे. टापटीप पोरगा, हातात टॅब. "काका, शून्य टक्के व्याज, महिन्याला फक्त 3,772." अठरा हप्ते. मी म्हटलं, कागदावर मांडा. प्रोसेसिंग फी 999, त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 1,179. विमा 5,499, तो आधीच टिक करून ठेवलेला. चार्जरचा अडॅप्टर 1,900, कारण 2020 पासून आयफोनच्या खोक्यात तो येतच नाही. काच आणि कव्हर 1,300. बेरीज 92,778. हा आकडा तिथं कुणी तोंडानं उच्चारला नाही, मी माझ्या पेननं काढला.

माझा मेहुणा पतसंस्थेत आहे. त्यानं जायच्या आधी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या इथं लिहितो, कुणाच्या तरी कामाला येतील. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना लेखी कळवलंय. व्याज फीच्या नावाखाली नाहीतर न दिलेल्या सवलतीच्या रूपानं गिऱ्हाइकाकडनंच वसूल होतं. दुसरं, 1 ऑक्टोबर 2024 पासून बँक असो की फायनान्स कंपनी, असं कर्ज देताना सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो ते एका कागदावर द्यावं लागतं, आणि तेही आपल्याला कळेल अशा भाषेत. मी तो कागद मराठीत मागितला. पोरगा म्हणाला, "काका, हे सगळं ऑनलाइन आहे, इथं फक्त ओटीपी सांगा." तिथंच मी उठलो. आमचा पोरगा रागानं लाल झाला. पार्क चौकापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

अण्णांकडे मी त्याला जवळजवळ ओढतच नेला. 12 तारखेचा रविवार, दिवाळीची गर्दी, जिन्यावर माणसं उभी. आमचा नंबर यायला पाऊण तास लागला.

अण्णांनी फोन हातात घेतला, झाकणावरनं अंगठा फिरवला आणि पहिलं वाक्य बोलले, "बॅटरी फुगलीय. हा फोन रात्री उशाखाली ठेवत होतास का बे?" पोरगा गप्प. ठेवत होता. मग फोन तापत्या पाटीवर ठेवला, डिंक सैल झाला तसं पातळ पत्री घालून झाकण सोडवलं. एकेक स्क्रू काढून चुंबकाच्या पट्टीवर ज्या जागेचा त्या जागी मांडला. मी वीस वर्षं माग उघडतोय; स्क्रू कसा ठेवतो त्यावरनं माणसाचं काम कळतं. फुगलेली बॅटरी उशीसारखी टम्म झालेली. ती त्यांनी टोक न लावता, कडेनं स्पिरिट सोडून हळूच सोडवली आणि वाळूच्या डब्यात टाकली. "असली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, कचऱ्यात तर अजिबात टाकायची नाही, पेट घेते."

मग भिंगाखाली चार्जिंगचं भोक बघितलं आणि बारीक सुईनं आतनं काहीतरी ओढलं. राखाडी, दाबून घट्ट झालेला एक बोळा. मी बघताक्षणी ओळखलं. ते टॉवेलचं तूस होतं, आमच्या कारखान्यातलं. आम्ही रोज हवेच्या पाइपनं मागावरनं उडवतो तेच. पॅकिंगला येताना फोन खिशात असायचा, वर्षभर ते आत बसत गेलं, पिन पूर्ण आत जायचीच नाही. पोरानं तो बोळा तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिला.

"बोर्ड एकदम ओके हाय," अण्णा म्हणाले. "नवीन कशाला घेलालास बे?"

पोरानं खरं सांगितलं, आयफोन पाहिजे म्हणून. अण्णा त्याला हसले नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांच्या टेबलावरच तीन आयफोन उघडे पडले होते. त्यांनी सांगितलं, बॅटरी यातही हीच, लिथियमचीच. आयफोन 14 पर्यंत कंपनी स्वतः सांगते की पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर 80 टक्के दम राहतो, 15 पासून हजार वेळा. चांगला फोन आहे, वाईट नाही. पण दर सप्टेंबरला नवा येतो, तू दर सप्टेंबरला काय करणार. घ्यायचाच तर नोकरी लागल्यावर, स्वतःच्या पैशानं, दोन वर्षं जुनं मॉडेल बघ. आणि सेकंडहँड घेशील तर *#06# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख नंबर काढ, संचार साथी या सरकारी वेबसाइटवर टाक, चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथंच कळतं.

हे सगळं मी त्याला घरी दहा वेळा सांगितलं असतं तरी डोक्यात गेलं नसतं. स्वतःचा फोन समोर उघडा पडलेला बघितला, त्यातलं काय बिघडलं नि काय शाबूत आहे ते डोळ्यांनी दिसलं, तेव्हा तो ऐकायला लागला. "पप्पा, प्रोसेसर कुठला ते बघा," म्हणून मलाच दाखवायला लागला.

बिल 1,150 झालं, बॅटरी आणि मजुरी धरून. तूस काढायचे पैसे घेतले नाहीत. बॅटरी कंपनीची नाही, हे अण्णांनी बसवायच्या आधी स्वतःहून सांगितलं. कंपनीची पाहिजे तर सर्व्हिस सेंटरला जा, महाग पडेल पण मिळेल, असंही म्हणाले. झाकण एकदा उघडलं की पाण्यापासनं पहिल्यासारखं संरक्षण राहत नाही, हेही सांगितलं. सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख कुठं दिसते ते पोराला काढून दाखवलं. ते अपडेट यायचे बंद झाले की मग बँकेचे व्यवहार या फोनवर करू नको, म्हणाले. मला वाटतं फोन बदलायचं खरं कारण तेच असावं.

आता उणं काय ते. बसायला एकच स्टूल, तेही आजारी माणसाला द्यावं लागतं. एक तास सांगितला, अडीच तास लागले. छापील बिल नाही, वहीतला कागद फाडून देतात. गाडी लावायला नवी पेठेत जागा मिळत नाही, पार्काच्या बाजूला लावून चालत या. स्क्रीन बदलायची असेल तर भाव आधी पक्का करून घ्या. आमच्या पुढच्या माणसाला सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा आकडा सांगितला, त्यावरनं थोडी बाचाबाची झाली. ते मला पटलं नाही. पाचात चार देतो. एक त्या भावासाठी कापला.

फोन आता सकाळी चार्ज केला की रात्रीपर्यंत जातो. पोराच्या मनातनं आयफोन गेलाय असं नाही. परवाच त्या नारिंगी आयफोन प्रोचं रील बघत होता, मला बघून बंद केलं नाही, उलट दाखवलं. आईचे पंधरा हजार त्यानं आपणहून परत दिले. तिनं ते डब्यात ठेवलेत, कशाला ते सांगत नाही.

जायचं असेल तर दुपारी तीनच्या सुमारास जा, सातनंतर जिन्यावरसुद्धा उभं राहता येत नाही. आधी फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. आणि हमीचा कागद मागून घ्या, मागितल्यावर देतात. आमच्या कागदावर अण्णांच्या अक्षरात 'बॅटरी, 3 महिने' लिहिलंय, खाली तारीख. मी तो कॅलेंडरच्या मागं खोचून ठेवलाय. 12 जानेवारीला, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या तोंडावर संपते.