शंभर मण्यांची माळ: शाळा सुटल्यावरच्या दहा मिनिटांसाठी

पहिली-दुसरीतल्या लेकराला घरी गणित शिकवायला एकच वस्तू घ्यायची असेल, तर शंभर मण्यांची माळ घ्या, असं मी ठामपणे सांगते. आमच्याकडे ती दुसऱ्या वर्षी वापरात आहे. मुलगी आता दुसरीत आहे, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत.

वस्तू अगदी साधी. शंभर लाकडी मणी, आधी दहा लाल, मग दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे दहा-दहाचे पट्टे एका दोरीत ओवलेले. दोरी थोडी जास्तीची असते, त्यामुळे मणी इकडून तिकडे सरकवता येतात. वर्ध्याला शालेय साहित्याच्या दुकानात दीडशे रुपयांना मिळाली. प्लॅस्टिकच्या मण्यांचीही होती आणि स्वस्त होती, पण ते मणी हलके, बोटात नीट धरता येत नाहीत. लाकडीच घ्या.

आम्ही ती छपरीत दोन खिळे ठोकून मुलीच्या छातीएवढ्या उंचीवर आडवी बांधली आहे. डब्यात ठेवलेली वस्तू काढून द्यायला मोठं माणूस लागतं, आणि आमच्याकडे नेमकं त्याच वेळी सासूबाईंशिवाय मोठं माणूस घरी नसतं. शाळा साडेदहाला भरते, पाचला सुटते. दिवाळीपासून पुढे कापसाची वेचणी, तेव्हा मी दिवस मावळेपर्यंत वावरात. हरभऱ्याला ओलीत सुरू झालं की मोटारीची लाइन कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की मुलीचे बाबा जेवून लगेच वावरात जातात. मी घरी येते तेव्हा चूल, पाणी, ढोरं. त्या सगळ्यात 'रोज सात ते आठ अभ्यास' असा तास काही बसत नाही. बसवला तरी पोरगी दिवसभर बाकावर बसून आलेली असते, पुन्हा वही समोर धरली की तोंड फिरवते. तिचं काही चुकत नाही. शाळेतून आल्यावर घराची दुसरी शाळा करू नये, या मताची मी आहे.

माळेचा फायदा हाच, की ती वेळ मागत नाही. दप्तर टाकलं, हातपाय धुतले, जाता-येता माळेपाशी थांबली, पाच मिनिटं, दहा मिनिटं. कपड्याला लावायचे चिमटे तिथेच टांगलेले असतात. मी सकाळी स्वयंपाक करताना फक्त सांगून ठेवते, 'आज त्रेपन्नावर चिमटा लाव', आणि संध्याकाळी पाहते. लाइन गेली तरी चालते, रेंज नसली तरी चालते. मोबाइल तर मुलीच्या बाबांसोबत वावरात असतो, त्यामुळे मोबाइलवरच्या अभ्यासाचा आमच्या संध्याकाळी प्रश्नच येत नाही.

आता ही माळ शिकवते काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण बऱ्याच आयांना वाटतं की मणी मोजायचे म्हणजे फक्त एक ते शंभर म्हणायचं. तेवढंच असतं तर अंगणातल्या चिंचोक्यांनी भागलं असतं.

आपल्या संख्यांची नावं लहान मुलाला अवघड जातात. लिहिताना आधी दशक, मग एकक, बोलताना उलटं. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी ऐकू येतो, म्हणून पोरं ३५ लिहितात. माळेवर त्रेपन्न शोधायचं तर पाच पट्टे सोडून पुढचे तीन मणी घ्यावे लागतात. तिथे उलटं करायला जागाच नाही. पाच पट्टे डोळ्यांना दिसतात, मग हात आपोआप आधी पाच लिहितो. माझ्या मुलीचं ३५-५३ पहिलीच्या दिवाळीनंतर असंच सुटलं.

त्याहून मोठी अडचण 'एकोण'ची. एकोणीस, एकोणतीस, असं थेट एकोणनव्वदपर्यंत सगळे एकोणवाले, आणि शेवटी नव्याण्णव मात्र वेगळाच. मुलं एकोणपन्नास ऐकतात आणि ५९ लिहितात, कारण कानावर पन्नास पडलेला असतो. माळेवर पन्नास म्हणजे पाचव्या पट्ट्याचा शेवट. त्याच्या एक मणी अलीकडे चिमटा लावला की एकोणपन्नास. एक दिवस पोरगी तिथूनच ओरडली, "आई, पाह्य ना, पन्नासाले एकच कमी हाय!" मी सांगितलं नव्हतं. त्यानंतर एकोणसाठ, एकोणसत्तर तिनं स्वतःच शोधून काढले.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा किती गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. विधानसभेपर्यंत विषय गेला. गणिताच्या अभ्यास समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून सोबत दुसरी रीत दिली आहे. कोणी काही म्हणो, त्यांना दिसलेली अडचण खरी होती. मी ती माझ्या घरात पाहिली. माळेपुढे उभं राहिलं की दोन्ही नावं एकत्र नांदतात. दोन पट्टे आणि दोन मणी म्हणजे वीस दोन, त्यालाच आपण बावीस म्हणतो. भांडणाचं कारणच उरत नाही.

लहान वर्गांना वाचन आणि गणित पक्कं यावं म्हणून केंद्र सरकारनं काढलेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या शेवटी ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असं उद्दिष्ट आहे. आमच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असला की प्राथमिकला दोनच शिक्षक मिळतात. गुरुजी चांगले आहेत, पण पहिलीला पाटीवर लिहायला देऊन त्यांना चौथीकडे वळावं लागतं. एकेका लेकराचा ३५-५३ सोडवत बसायला त्यांना कुठून सवड मिळणार? तेवढं घरून व्हायला पाहिजे, आणि दहा मिनिटांत ते होतं.

या माळेनं आमच्या सासूबाईही शिकवणाऱ्या झाल्या, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांना अक्षर येत नाही, पण त्या विसांनी मोजतात. एकोणपन्नासला त्या 'दोन विसा न नऊ' म्हणतात. दोन-दोन पट्ट्यांची एक वीस धरली की माळ त्यांच्या हिशेबात चपखल बसते. मी वावरात असताना पाच वाजता नात घरी येते तेव्हा आजी बाजेवर बसून विचारते, "तीन विसा न चार दाखव बरं." नात चौसष्टावर चिमटा लावते. वही किंवा मोबाइल घेऊन ही आजी कधीच शिकवायला बसली नसती.

वजाबाकीचंही सांगते. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काटा होतो. माझा कापूस ३८ किलो, जाऊबाईंचा ४७. किती जास्त? एक चिमटा ३८ वर, एक ४७ वर. मधे पाहायचं: चाळीसपर्यंत दोन, पुढे सात, झाले नऊ. उसनं घेणं नाही, हातचा नाही. शाळेतली उभी मांडणी वेगळी आहे. ती गुरुजी शिकवतील, तिच्यात आपण घरून हात घालू नये, नाहीतर लेकराचा गोंधळ होतो. पण उत्तर दहाच्या आत येणार की वीसच्या पुढे जाणार, एवढा अंदाज माळेनं आलेला असला की उभ्या मांडणीत चुकलेलं मुलाला स्वतःला कळतं. वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. हातानं काम करत शिकावं, हा तिचा गाभा. सेवाग्राम आमच्यापासून काही फार लांब नाही. त्या जिल्ह्यातल्या पोरांनी आकडे नुसते घोकावेत, आणि घरात रोज कापूस मोजला जातो त्याच्याशी त्या आकड्यांचं नातं नसावं, हे मला पटत नाही.

आता उणं काय ते. आमच्या माळेची मूळ दोरी कच्ची निघाली. पहिल्याच पावसाळ्यात गाठीपाशी तुटली आणि मणी छपरीभर गेले. मग मासे धरायच्या जाड तंगुसात पुन्हा ओवली, दोन्ही टोकांना मोठ्या गाठी मारल्या, तेव्हापासून पक्की आहे. तुम्ही घरी आणल्या आणल्याच दोरी बदला. लाल मण्यांचा रंग ओल्या हाताला लागतो, म्हणून हात पुसून धरायला लावते. घरात रांगतं लेकरू असेल तर माळ त्याच्या हाती लागेल अशी ठेवू नका. सुटा मणी घशात अडकेल एवढाच असतो. सोबत आलेला कागद पूर्ण इंग्रजीत होता, त्याचा आम्हाला उपयोग शून्य. विकणाऱ्यानं एक मराठी पान घातलं असतं तर कितीतरी आयांना हात मिळाला असता.

तालुक्याला अबॅकसचे वर्ग आहेत, शेजारच्या गावातली मुलं जातात. जलद बेरजा येतात त्यांना. पण जायला गाडी, नेणारं माणूस आणि महिन्याची फी लागते, आणि रविवारचा अर्धा दिवस त्यात जातो. पहिलीतल्या लेकराचा रविवार मी त्याला द्यायला तयार नाही. बाजारातल्या सरावपुस्तकांबद्दलही माझं मत असंच. त्यात पानं भरून होतात, पण समोर कोणी बसलं नाही तर चूक चूकच राहते.

मार्चपासून शाळा सकाळची होते, तेव्हा माळेचा खरा हंगाम. पोरं अकराच्या पुढे घरी, बाहेर जाळतं ऊन, दारं लावून दुपार काढायची. पुढे सुट्टी लागली की मे महिना अख्खा तसाच, आणि आमच्या विदर्भात शाळाही उन्हामुळे बाकी महाराष्ट्रानंतर उघडते. त्या दुपारी आम्ही पाढे घेतले. चार-चार मण्यांवर चिमटे लावत गेलं की चार त्रिक बारा पट्टा ओलांडून दोन मणी पुढे पडतं, हे दिसतं. अर्ध्या माळेवर पन्नास, तिच्या अर्ध्यावर पंचवीस. सासूबाईंनी त्यावरून पाव, अर्धा, पाऊण सांगितलं. शंभर पैशांचा रुपया पोरीनं कधी हातात धरला नाही, पण पाऊण म्हणजे पंचाहत्तर हे तिला आता माळेवर दाखवता येतं.

तिसरीच्या पुढच्या मुलासाठी मात्र ही घेऊ नका. तिथे चार अंकी संख्या येतात आणि माळ शंभरावर संपते. तेव्हा काड्यांचे गठ्ठे आणि खेळातल्या नोटा बऱ्या. ज्याच्या घरी दुसरं लहान भावंड आहे त्यानं दीडशे रुपये बिनधास्त खर्च करावे. माळ खराब होत नाही, दोरी बदलली की नवी.

दुकानात घेताना एक करा. पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच मणी मोजून घ्या, प्रत्येक रंगाचे दहा-दहा. मी मोजले तेव्हा पहिल्या माळेत एका पांढऱ्या पट्ट्यात अकरा निघाले आणि मी ती बदलून घेतली. एक मणी जास्त असला तर पुढचा प्रत्येक आकडा चुकीच्या जागी जातो, आणि लेकराला वाटतं की मोजण्यात तेच चुकतंय.