सुट्टीतली कादंबरी : घरच्या वाचनालयातून न्यावी की गावी जाऊन घ्यावी?

मे महिन्यात कोकणात जाताना सोबत कादंबरी असावी, याबद्दल वाचणाऱ्या माणसांत दुमत नसते. प्रश्न असतो तो ती कुठून घ्यावी याचा. मुंबई-पुण्यातल्या आपल्या नेहमीच्या वाचनालयातून पुस्तक घेऊन निघावे, की गावी पोहोचल्यावर जवळच्या वाचनालयाचे सभासद व्हावे? माझ्या मते याचे उत्तर आवडीनिवडीपेक्षा मुक्काम किती दिवसांचा आहे यावर अधिक अवलंबून आहे.

मुक्काम चार-पाच दिवसांचाच असेल, तर घरून पुस्तक नेणेच शहाणपणाचे. कोकणातली अनेक वाचनालये सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात, दुपारी बंद राहतात आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी घेतात. त्यात सभासदत्वाचा अर्ज, अनामत आणि पत्त्याचा पुरावा यांत वेळ जातो, आणि इतके करून हाती आलेले पुस्तक दोन दिवसांत परत करायचे असते. घरून नेलेल्या पुस्तकाची अडचण एकच, ती म्हणजे परतीची तारीख. निघण्यापूर्वी वाचनालयात सांगून मुदत वाढवून घेतली, की तीही उरत नाही. मात्र जाडजूड कादंबरीचा मोह टाळावा. समुद्र, पाहुणे आणि आंबे यांच्या गर्दीत सहाशे पाने वाचून होत नाहीत. अडीचशे पानांची कादंबरी मात्र पडवीत बसून सहज संपते.

महिनाभर गावी राहणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. त्यांनी स्थानिक वाचनालयाकडे वळावे, असे मी आग्रहाने म्हणेन, आणि त्याचे कारण केवळ बॅगेचे वजन नाही. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर 1852 सालचे आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचे आहे. इतक्या जुन्या संस्थांच्या कपाटांत, ज्यांच्या नव्या आवृत्त्या निघालेल्या नाहीत आणि दुकानांत ज्या मिळत नाहीत, अशा कादंबऱ्याही हाती लागू शकतात. शिवाय एक पुस्तक कंटाळवाणे निघाले, तर दुसऱ्या दिवशी ते बदलता येते. घरून आणलेले एकमेव पुस्तक आवडले नाही, तर सगळी सुट्टी त्याच्याकडे नाइलाजाने पाहत काढावी लागते. मात्र सगळीच वाचनालये अशी नसतात. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे उतरते वर्ग असतात, आणि खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाकडून जिल्ह्याच्या ग्रंथालयाइतक्या संग्रहाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. तिथे आधी जाऊन कादंबऱ्यांचे कपाट पाहावे आणि मगच पैसे भरावेत.

पुस्तकाच्या जपणुकीच्या बाबतीत दोन्ही मार्ग सारखेच जोखमीचे आहेत, कारण पुस्तक दोन्हीकडे दुसऱ्याचेच असते. किनाऱ्यावरची वाळू बांधणीत शिरली की निघत नाही, आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर दमट भिंतीला टेकवून ठेवलेल्या पुस्तकावर बुरशी धरायला वेळ लागत नाही. चिपळूणच्या वाचनालयाची 22 जुलै 2021 च्या महापुरात मोठी हानी झाली होती. पाणी कागदाचे काय करते, हे तिथल्या ग्रंथपालांना वेगळे सांगावे लागत नाही. वाचनालयाचे पुस्तक ओटीवर किंवा झोपाळ्यावर वाचावे, पुळणीवर नेऊ नये. पुळणीवरच वाचायचे असेल, तर रद्दीच्या दुकानातून घेतलेली स्वस्त प्रत बरी.

ई-पुस्तकांबद्दल थोडक्यात एवढेच, की भर उन्हात मोबाइलवर वाचणे त्रासाचे असते, ई-इंकचे, म्हणजे कागदासारखा न चकाकणारा पडदा असलेले वाचनयंत्र तिथे उत्तम चालते, पण जुन्या मराठी कादंबऱ्यांपैकी बऱ्याच त्यावर मिळत नाहीत.

गावी सभासद झालात, तर अनामतीची पावती जपून ठेवावी आणि परतीच्या तिकिटाची तारीख वाचनालयाच्या साप्ताहिक सुट्टीशी ताडून पाहावी. एका वर्षी माझी गाडी नेमकी त्या सुट्टीच्या सकाळी होती. पुस्तक शेजारच्या काकूंनी पोहोचते केले, पण अनामत हाती यायला गणपती उजाडले.