एनव्हीडीए आणि सोबतची फुकट साधनं: मराठीतून पदवीचा अभ्यास करायला कितपत पुरतात?

विंडोज लॅपटॉपवर अभ्यास करणाऱ्या अंध विद्यार्थ्यासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, आजही आमची पहिली निवड आहे. मायकल करन या अंध प्रोग्रामरनं २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात तो लिहायला घेतला. पुढे जेम्स टेह सोबत आले, तेही अंधच. रोज वापरणाऱ्याला कुठे अडतं हे बनवणाऱ्यांना माहीत असल्याचं पदोपदी जाणवतं. जॉजसारख्या सशुल्क स्क्रीन रीडरचा परवाना विकत घ्यावा लागतो. इथे ती कटकट नाही. डाउनलोडच्या पानावर देणगी मागतात, पण ती न देताही फाइल मिळते.

पहिली अडचण मात्र बसवल्याबरोबर येते. विंडोज १० आणि ११ वर एनव्हीडीए आपणहून विंडोजचाच आवाज धरतो. तो बहुधा इंग्रजी असतो, त्यामुळे देवनागरी ओळ आली की तो गप्प बसतो किंवा भलतंच काही बोलतो. इथेच अनेकजण ‘याला मराठी येत नाही’ म्हणून सोडून देतात, आणि हे फार वाईट वाटतं, कारण मराठी आवाज त्यातच दडलेला आहे. एनव्हीडीए+कंट्रोल+एस दाबा, यादीतून ईस्पीक एनजी हे एनव्हीडीएसोबतच येणारं आवाजाचं इंजिन निवडा. मग एनव्हीडीए+कंट्रोल+व्ही दाबून आवाजांच्या यादीत मराठी निवडा. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट. लॅपटॉपवर ती गैरसोयीची पडते, म्हणून सुरुवातीच्या स्वागत खिडकीतच कॅप्सलॉकवर खूण करा आणि कीबोर्डची मांडणी ‘लॅपटॉप’ ठेवा. तसं केलं की सलग वाचन एनव्हीडीए+ए वर येतं, डेस्कटॉप मांडणीत ते एनव्हीडीए+खालचा बाण असतं. कंट्रोल दाबलं की वाचन थांबतं.

ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे. पहिले काही दिवस तो कानाला टोचतो. तरीही अभ्यासाला आम्ही तोच सुचवतो, कारण वेग कितीही वाढवला तरी शब्द तुटत नाहीत आणि इंटरनेट लागत नाही. विंडोजचे हेमंत, कल्पना हे हिंदी आवाज जास्त गोड आहेत, पण ते मराठी मजकूर हिंदी वळणानं वाचतात. ‘च’ आणि ‘ज’चे आपले दोन-दोन उच्चार तिथे एकच होतात.

खरी परीक्षा नोट्सच्या फाइलींची असते. मराठी विभागांत फिरणाऱ्या पीडीएफ मुख्यतः दोन प्रकारांनी दगा देतात. पहिला प्रकार श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलींचा. डोळ्यांना अक्षरं मराठी दिसतात, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, म्हणून निरर्थक अक्षरांची माळ ऐकू येते. हे ओळखायला एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा: देवनागरी आलं तर फाइल युनिकोडमध्ये (खरी देवनागरी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत) आहे, कचरा आला तर जुन्या फॉन्टमध्ये. दुसरा प्रकार स्कॅनचा. पानं म्हणजे नुसते फोटो, आणि एनव्हीडीए सांगतो की डॉक्युमेंट रिकामं आहे.

एनव्हीडीए+आर हे अंगभूत ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारी सोय) इंग्रजी नोट्सना छान चालतं. मराठीला त्याचा उपयोग नाही, कारण ते विंडोजच्या ज्या ओसीआरवर उभं आहे त्यात देवनागरीच नाही. मराठीसाठी गूगल ड्राइव्ह वापरा: फाइल चढवा, संदर्भ मेनूतून ‘ओपन विथ’ आणि मग गूगल डॉक्स. प्रत्येक फाइल २ एमबीच्या आत ठेवा, मोठी पीडीएफ तुकडे करूनच द्या. जुन्या फॉन्टची पीडीएफ सरळ दिली तर आतला कचराच बाहेर येऊ शकतो, म्हणून आधी पानांची ३०० डीपीआयची चित्रं करून घ्या आणि ती चढवा. पुस्तकाचा फोटो काढताना एका वेळी एकच पान घ्या. जोडपानाच्या फोटोत दोन्ही पानांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. इंटरनेट नसेल तर टेसरॅक्ट या फुकट ओसीआर इंजिनवर चालणारं जीइमेजरीडर घ्या आणि भाषा म्हणून मराठी व इंग्रजी दोन्ही ठेवा.

ओसीआर झालेल्या मजकुरावर डोळे मिटून विसंबू नका. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘थ’चा ‘य’ होतो, अनुस्वार गळतात, तळटीप वाक्याच्या मध्ये घुसते. सनावळ्या आणि आकडे मूळ पानाशी ताडून घ्यावेच लागतात, आणि ते डोळस मित्राकडून करून घेणं उत्तम.

नोट्स बनवणाऱ्या प्राध्यापकांना एक कळकळीची विनंती: वर्डमध्ये मथळे नुसते ठळक करू नका, ‘हेडिंग’ शैली लावा. मग विद्यार्थी एनव्हीडीए+स्पेसनं ब्राउझ मोडमध्ये (एकेका कळीनं मजकुरात उड्या मारायच्या पद्धतीत) जाऊन एच दाबत थेट हव्या त्या प्रकरणावर पोचतो. नाहीतर शंभर पानांत एक मुद्दा शोधायला बाण दाबत बसावं लागतं. गणितं आणि सूत्रं चित्र म्हणून चिकटवली तर ती वाचलीच जात नाहीत. वर्डच्या समीकरण सोयीतून लिहिली तर मॅथकॅट हे फुकट अ‍ॅड-ऑन (एनव्हीडीएला जोडायचा छोटा प्रोग्राम) त्यांना बोलतं करतं. एनव्हीडीए २०२३.२ पासून टूल्स मेनूत अ‍ॅड-ऑन स्टोअर आहे, मॅथकॅट तिथेच मिळतं.

मराठी लिहायला इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची मांडणी शिका. इंग्रजी स्पेलिंगमधून मराठी उमटवणारी फोनेटिक पद्धत सुरुवातीला सोपी वाटते, पण तिची शब्दसूचनांची खिडकी स्क्रीन रीडरच्या वाटेत येते. इनस्क्रिप्टमध्ये एक कळ म्हणजे एक चिन्ह, आणि डावा-उजवा बाण दाबत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी तपासता येते.

डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याला एनव्हीडीएची गरज नाही. त्याच्यासाठी एज ब्राउझरचं ‘रीड अलाउड’ पुष्कळ सरस आहे. पीडीएफ एजमध्ये उघडा, कंट्रोल+शिफ्ट+यू दाबा आणि आवाजांत आरोही किंवा मनोहर निवडा. हे दोन्ही मराठी आवाज माणसासारखे वाटतात, आणि वाचला जाणारा शब्द रंगवला जातो, त्यामुळे नजर ओळीवर टिकते. इंटरनेट मात्र हवंच.

ऐकू न येणाऱ्यांसाठी अँड्रॉइडवरचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी व्याख्यान अक्षरांत दाखवतं. फोन मागच्या बाकावर ठेवला तर ते जवळपास निरुपयोगी ठरतं, तो शिक्षकांच्या टेबलावर हवा. सेटिंग्जमध्ये मजकूर साठवण्याची सोय चालू करा. तो ३ दिवसच टिकतो, तेव्हा त्याच संध्याकाळी कॉपी करून घ्या.

राहिली परीक्षा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत संगणकावर उत्तरं लिहिण्याचा पर्याय होता आणि तासाला किमान २० मिनिटं जादा होती. स्वतःचा लॅपटॉप मात्र त्यांत चालत नव्हता, परीक्षा केंद्रावरचा संगणक आदल्या दिवशी तपासायला मिळायचा. ती तपासणी अजिबात सोडू नका. एनव्हीडीएच्या टूल्स मेनूतून पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर करून ठेवा, ती अ‍ॅडमिन पासवर्डशिवाय चालते आणि तिच्यात ईस्पीकचा मराठी आवाज असतोच. पेन ड्राइव्ह लावू द्यायचा की नाही, हे केंद्रप्रमुखांकडून आधीच लेखी घ्या. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडलेला आहे का, हेडफोन वाजतो का आणि प्रश्नपत्रिकेची फाइल युनिकोडमध्येच येणार आहे का, हे त्याच दिवशी विचारा. जुन्या फॉन्टची प्रश्नपत्रिका पेपर सुरू झाल्यावर हातात आली, तर ती बदलून मिळेपर्यंत घड्याळ तुमचंच चालू असतं.