दत्तजयंतीचा काळा घोडा आणि नंतर आलेली काठेवाडी घोडी

इंदूरमध्ये राहून स्वतःचा घोडा बाळगण्याचा विचार करणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. गेल्या दोन-सव्वादोन वर्षांत मी दोन घोडे विकत घेतले. पहिला साडेचार महिन्यांत विकावा लागला आणि दुसरी घोडी आजही महू रस्त्यावरच्या तबेल्यात आमच्याकडे आहे. पहिला घोडा वाईट नव्हता आणि विकणाऱ्याने मला फसवलेही नव्हते. तो घोडा आमच्या कामाचा नव्हता, आणि ही गोष्ट पैसे देण्यापूर्वी माझ्या लक्षात यायला हवी होती.

आमची गरज साधी होती. मी तीन वर्षे रायडिंग स्कूलमध्ये शिकले होते, दुडकी आणि कँटर (दुडकीहून वेगवान चाल) मला नीट जमत होते, आणि रविवारी सकाळी जानापावच्या बाजूच्या शेतरस्त्यांवर दोन तासांची रपेट करावी एवढीच इच्छा होती. मुलगी त्या वेळी बारा वर्षांची होती आणि दोन फुटांचे अडथळे ओलांडायला नुकतीच शिकत होती. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यांवर घोड्याने ठरलेल्या चाली करून दाखवण्याचा प्रकार) संघाने सुवर्णपदक मिळवले आणि त्या संघात आपल्या इंदूरची सुदिप्ती हजेला होती, तेव्हापासून माझ्या मुलीच्या डोक्यात स्वतःच्या घोड्याशिवाय दुसरा विषय नव्हता. त्या संघाच्या घोडेस्वारांनी वर्षानुवर्षे युरोपात सराव केला होता आणि त्यांचे घोडेही त्याच कामासाठी घडवलेले होते, हे तिला सांगूनही फारसा उपयोग झाला नाही. खरे सांगायचे तर माझाही उत्साह तिच्यापेक्षा कमी नव्हता.

त्याच डिसेंबरमध्ये आम्ही दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. इंदूरहून आग्रा-मुंबई मार्गाने सेंधव्यापर्यंत आणि तिथून खेतिया, शहाद्यावरून तापीकाठी पोहोचता येते. एकमुखी दत्ताच्या या यात्रेतला घोडेबाजार ज्याने पाहिलेला नाही त्याने, घोडा घ्यायचा नसला तरी, एकदा जरूर पाहावा. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरे असे सगळे रंग आणि सगळ्या जाती एका ठिकाणी पाहायला मिळतात, आणि घोड्याकडे पाहायचे कसे हे तिथल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या शेजारी दिवसभर नुसते उभे राहिले तरी बरेच कळते. मात्र पहिला घोडा घेण्यासाठी ही जागा योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. हजारो माणसे, ढोल, धूळ आणि शेजारी हिसडे देणारे घोडे अशा वातावरणात कोणताही घोडा रोजच्यासारखा वागत नाही. तबेल्यात तो कसा उभा राहतो, एकटा बाहेर पडताना अडतो का, खोगीर घालताना कान मागे पाडतो का, यांतले काहीही तिथे दिसत नाही. खरेदीचा निर्णयही घाईत घ्यावा लागतो, कारण आपण विचार करत असताना पलीकडे दुसरे गिऱ्हाईक उभे असते.

आम्ही घेतलेला घोडा चार वर्षांचा, मुश्की म्हणजे संपूर्ण काळ्या रंगाचा मारवाडी होता. तो खच्ची केलेला नव्हता. उंची 15 हातांची होती. (घोड्याच्या उंचीचा हात चार इंचांचा असतो आणि ती खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे मानेच्या बुडापाशी मोजतात. 14.2 हात याचा अर्थ 14 हात आणि 2 इंच, म्हणजे 58 इंच. नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो.) कमानीसारखे आत वळून टोकाशी भेटणारे कान, भरदार मान आणि नाचताना छातीपर्यंत येणारे गुडघे पाहून आम्ही दोघी हरखून गेलो. विकणारे गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी मुलीकडे पाहून मला शांतपणे सांगितले, “ताई, हा नाचकामाचा घोडा आहे. वरातीत दहा हजार माणसांत डगमगणार नाही, पण लेकरू बसणार असेल तर विचार करा.” यापेक्षा प्रामाणिक सल्ला कोणता विक्रेता देईल? मी विचार केला नाही आणि 2 लाख 75 हजार रुपये मोजले.

नाचकामाच्या घोड्याला काय शिकवलेले असते, हे समजायला मला दोन महिने लागले. आपण रायडिंग स्कूलमध्ये शिकतो त्या पद्धतीत टाचेचा दाब म्हणजे पुढे चल आणि लगामाचा हलका धरलेला ताण म्हणजे सावर. नाचाच्या घोड्याला लगाम आवळून टाच दिली की जागच्या जागी अंग गोळा करून पाय उचलायचे असतात, पुढे जायचे नसते. त्यामुळे मी त्याला दुडकीत घ्यायला टाच देई तेव्हा तो प्रामाणिकपणे त्याचे काम करू लागे आणि मी घाबरून लगाम आणखी घट्ट धरला की तो आणखी उंच उचले. दोघांनाही दुसऱ्याची भाषा येत नव्हती. त्यात तो चार वर्षांचा वळू, म्हणजे तबेल्यात शेजारी घोडी बांधली की दिवसभर हिंकाळत असे आणि खात नसे. जाणत्या शिक्षकाने सहा-आठ महिने रोज काम केले असते तर तो नवे शिकला असता, यात मला शंका नाही. पण ते काम आठवड्यातून तीन-चार वेळा बसणाऱ्या माझ्यासारखीचे नव्हते आणि मुलीला तर मी त्याच्यावर एकदाही बसवले नाही. काटेरी लगाम घातला की वठणीवर येईल, असा सल्ला मला एकापेक्षा अधिक लोकांनी दिला. असा लगाम वापरण्यास 1965 च्या नियमांनी भारतात मनाई आहे आणि नियम नसता तरी मी तो घातला नसता. शेवटी खरगोनकडच्या एका घोडेपालकाने पैदाशीसाठी त्याला 1 लाख 90 हजारांना घेतले. तिथे तो उत्तम आहे, मी जाऊन पाहून आले.

दुसऱ्या वेळी मी आधी घोडा पाहिला नाही. आधी कागदावर लिहून काढले की कोण बसणार, आठवड्यातून किती वेळा, कुठे, आणि बसणाऱ्याचे वजन किती. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा अधिक भार नसावा, असा संकेत आहे. माझे वजन 58 किलो आणि खोगिराचे सामान 8 किलो धरले तर 340-350 किलोचा मध्यम घोडा पुरेसा होता. म्हणजे 16 हातांच्या उंच घोड्यांमागे धावण्याचे कारणच उरले नाही.

शहर सोडून जाणाऱ्या एका परिचितांची काठेवाडी घोडी अशा रीतीने समोर आली. नऊ वर्षांची, कुम्मैत (अंग लालसर तपकिरी, आयाळ-शेपूट काळी), 14.2 हात, वजन सुमारे 360 किलो. पाच वर्षे ती रायडिंग स्कूलमध्ये मुलांना घेऊन फिरली होती. दिसायला ती त्या काळ्या घोड्याच्या पासंगालाही पुरणार नाही, हेही नमूद केले पाहिजे.

तिला मी चार वेळा पाहायला गेले, त्यांपैकी दोनदा न कळवता. कळवून गेल्यास घोडा आधीच फिरवून, दमवून शांत केलेला असू शकतो, म्हणून पोहोचताच खोगिराच्या जागी पाठीला हात लावून ती गरम किंवा ओलसर नाही ना, हे पाहावे. खरारा, खोगीर, लगाम हे सगळे आपल्यासमोर पहिल्यापासून व्हावे आणि आधी मालकाने स्वतः बसून दाखवावे. पशुवैद्यांनी तिला कठीण जमिनीवर सरळ दुडकीत पळवून लंगड तपासली, कारण मऊ मातीत बारीक लंगड लपते. वेदनाशामक देऊनही ती लपवता येते, म्हणून काही दिवसांच्या अंतराने दुसरी तपासणी केली. दातांवरून वय पाहिले. खालच्या कोपऱ्यातल्या दातांवरचे खळगे साधारण आठव्या वर्षी बुजतात, ते बुजलेले होते, आणि वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास उमटणारी रेघ अजून दिसत नव्हती, त्यामुळे सांगितलेले वय पटले. ग्लँडर्ससाठी रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवला. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोड्याला कायद्याने मारावे लागते, म्हणून ही तपासणी टाळणाऱ्याकडून घोडा घेऊच नये. भोवरे आणि पायांचे पांढरे रंग पाहून शुभाशुभ सांगणारेही भेटले. त्यांचे मी ऐकून घेतले, पण व्यवहारात धरले नाही.

सर्वांत उपयोगी ठरली ती पंधरा दिवसांची चाचणी. खर्च माझा, जोखीम लेखी ठरवलेली, आणि घोडी आमच्याच तबेल्यात. बाराव्या दिवशी शेताच्या बांधावरून ट्रॅक्टर अचानक समोर आला तेव्हा ती थांबली, कान टवकारले आणि तशीच उभी राहिली. मुलगी पाठीवर होती. त्याच संध्याकाळी मी 1 लाख 60 हजारांचा व्यवहार पक्का केला.

तिची रेवाल चाल (एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास एकत्र टाकण्याची) इतकी गुळगुळीत आहे की दोन तासांनी उतरल्यावरही पाठ दुखत नाही. अडथळे मात्र तीन फुटांपुढे तिच्या आवाक्यातले नाहीत. खांद्याचा उंचवटा टोकदार आणि पाठ अरुंद असल्यामुळे पहिले रुंद खोगीर तिला लागले व पाठीवर फोड आला. कानपूरचे अरुंद सांगाड्याचे खोगीर 28 हजारांना घेतल्यावर तो त्रास थांबला.

घोड्याच्या किमतीपेक्षा त्याच्या वर्षाच्या खर्चाचा हिशेब आधी करावा. तबेल्याचे भाडे, चारा आणि मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा माणूस) मिळून महिना 14 हजार, दर सहा आठवड्यांनी नालबंदी 1500, आणि लसी, जंतांची औषधे, डॉक्टर यांचे 20 हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे 2 लाख होतात. घोडीच्या किमतीहून हा आकडा मोठा आहे. इंदूरमध्ये वरातीच्या घोड्यांमुळे नालबंद सहज मिळतो, पण खूर आधी नीट कापून मग त्याच्या मापाने नाल बसवणारा शोधावा लागतो. पावसाळ्यात माळव्याची काळी माती नाल ओढून काढते आणि ओलसर जागेत खूर सडतात. जुलै ते सप्टेंबर आम्ही शेतरस्त्यावर जवळजवळ जातच नाही.

तबेल्याच्या सेवेबद्दल एक तक्रार नोंदवणे आवश्यक आहे, कारण ती जीवावर बेतली होती. पहिल्याच पावसाळ्यात जुना चारा संपल्यावर व्यवस्थापनाने एका दिवसात सगळ्या घोड्यांना गव्हाच्या जाड भुशावर घेतले आणि मालकांना कळवले नाही. रात्री दहाला मोतद्दाराचा फोन आला, “ताई, घोडी पोटाकडे बघतेय, लीद नाही टाकली.” घोड्याला उलटी करता येत नाही. आतड्यात चारा अडकला तर काही तासांत जीव जाऊ शकतो. निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते, तिची 64 होती. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने त्या बाजूला जाणते पशुवैद्य आहेत, हा आपल्याकडचा मोठा आधार आहे. डॉक्टर तासाभरात आले, नाकातून नळी घालून पोटात पॅराफिन सोडले आणि आम्ही तिला आळीपाळीने चालवत राहिलो. पहाटे तीनला तिने लीद टाकली तेव्हा मोतद्दार आणि मी दोघेही रडलो. तेव्हापासून चाऱ्यातला कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करायचा, ही अट मी करारात घातली आहे. घोडीला रोज सुमारे सात किलो सुका चारा लागतो, त्यात लसूणघास असते, आणि चंदी (धान्याचा खुराक) कामाच्या मानाने दिली जाते.

मुलगी आता चौदा वर्षांची आहे आणि तिला साडेतीन फुटांच्या अडथळ्यांकडे जायचे आहे. येत्या हिवाळ्यात तिच्यासाठी शर्यतीतून निवृत्त झालेला, पण त्यानंतर निदान दोन वर्षे रायडिंग स्कूलमध्ये काम केलेला 15.2 हातांचा खच्ची घोडा पाहणार आहोत. दोन ठिकाणी विचारणा केली आहे. त्यांपैकी एकाने पंधरा दिवसांच्या चाचणीला नकार दिला, म्हणून तिथे आम्ही जाणार नाही. घोडी माझ्याकडेच राहील.